रायपूरवाल्यांच्या गाडीबद्दल माझं मत

रायपूरवाल्यांची गाडी मला आवडली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरी हा विषय निघाला की बायको आणि मुलं मिळून तो असा रंगवतात, जणू मी त्या गाडीपायी जेवण सोडलं होतं. जेवण मी सोडलं नव्हतं. मी फक्त मत देत होतो. आणि एखाद्या वस्तूबद्दल नीट मत द्यायचं तर ती नीट बघावी लागते, नीट बघायची तर तिच्याभोवती चार चकरा माराव्या लागतात. त्याला कोणी दुसरं नाव देत असेल तर देवो.

भिलाईत तेव्हा सगळंच अर्धवट होतं. कारखाना अर्धा उभा, अर्धा कागदावर. सेक्टरांना नंबर मिळाले होते, झाडं मिळायची होती. आमच्या गल्लीतले क्वार्टर इतके एकसारखे, की सुरुवातीला ड्यूटीवरून येऊन मी शेजारच्या घरात चपला काढून पाणी मागितलं होतं, आणि त्यांनी ते दिलंही होतं. माणसं मात्र कुठून कुठून आलेली. कोणाचं नाव लक्षात ठेवायला कोणाला सवड नव्हती. जो जिथून आला ते त्याचं नाव. मी भंडारावाले. समोर गोंदियावाले. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून रायपूरवाले.

गोंदियावाले आणि मी एका मातीचे. घरी धानाची शेती, अंगावर कारखान्याची खाकी. रायपूरवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांचे आजोबा कधीकाळी रायपूरला वकिली करायला आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या मराठीला इस्त्री होती. ते नकाशे काढण्याच्या खात्यात पंख्याखाली बसत. मी विटांच्या यार्डात उन्हाखाली उभा राहत असे.

माझ्या विटांबद्दल थोडं सांगायला हवं. पोलादाच्या भट्टीला आतून खास विटांचं अस्तर लागतं. साधी वीट तिथे टिकणार नाही. या विटा रेल्वेच्या वाघिणी भरभरून येत, आणि त्या तपासून घ्याव्या लागत. लहान हातोडीनं टक्कन मारायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर आत तडा आहे असं समजायचं आणि खडूनं फुली मारायची. हे माझं काम. आमच्या खात्याचा एक कायदा होता. ज्यानं फुली मारली त्याला ती पुसता येत नाही. पुसायचीच असेल तर दुसऱ्या तपासनिसानं यायचं, नव्यानं वीट वाजवायची आणि त्यानं पुसायची. सकाळी फुली मारणारा माणूस संध्याकाळी ठेकेदाराचा चहा पिऊन ती पुसेल, असा त्यामागचा विचार असावा. चांगला कायदा होता. मला त्याचा अभिमानही होता.

अडचण एवढीच की असा माणूस काम यार्डात ठेवून घरी येऊ शकत नाही. मी टरबूज ठोकत असे, दारं ठोकत असे. एकदा सासुरवाडीला बसायच्या आधी पाट ठोकून पाहिला होता, ते अजून ऐकवलं जातं.

तर एका रविवारी दुपारी रायपूरवाले गाडी घेऊन आले. सासऱ्यांनी नवी घेतली म्हणून जुनी जावयाला दिली होती. माझ्या सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं होतं. चांगलं होतं, वेळ बरोबर दाखवायचं. पण त्यात बायकोमुलांना बसवून उतईच्या बाजाराला नेता येत नव्हतं.

गाडी राखी रंगाची. पुढून गोल, मागून गोल, चार दारांची. पुढे एक लांब सलग बाक, मागे तसाच दुसरा. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाजवळ, म्हणजे तीही जागा मोकळी. मागची डिकी एवढी की एक लहान संसार मावावा. सगळी गल्ली जमली. त्या काळी आमच्याकडे गाडी म्हणजे कारखान्याची बस, ठेकेदाराचा ट्रक, किंवा मोठ्या साहेबाची जीप. आपल्यासारख्या क्वार्टरपुढे उभी राहिलेली घरची मोटार कोणी पाहिली नव्हती.

"काय जागा आहे बाप्पा!" गोंदियावाले आत डोकं घालून म्हणाले. "माह्या क्वार्टर याच्याहून लहान आहे."

रायपूरवाले लाजून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या ना भंडारावाले. तुमचं मत हवं. तुम्ही तपासणीतली माणसं."

ते सभ्यपणानं बोलले असणार. मी ते सरकारी बोलावणं समजलो. पुढे झालो आणि इंजिनाच्या झाकणावर बोटानं दोनदा ठोकलं. कान दिला.

"बद्द," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"काही नाही. पत्रा जाड आहे. जाड पत्रा ओढायला इंजिनाला त्रास."

लोकांनी माना हलवल्या. रायपूरवाल्यांचं हसू थोडं कमी झालं. मला त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

त्याच दिवसांत माझी आई आमच्याकडे आलेली होती. मी कारखान्यात लागल्यापासून तिला बोलावत होतो. ती गावी, वैनगंगेच्या काठी, धाकट्या भावाकडे राहायची. दर वेळी काहीतरी निघायचं. गाय व्यायली, धान चुरायचं, म्हणजे मळायचं, राहिलं. शेवटी संक्रांत झाल्यावर आली, आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "शिमग्याले धाकटा येईन. त्याच्यासंगं मी जाईन."

मला तिनं राहावं असं फार वाटत होतं. नेहमीसाठी नाही, निदान पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. भाऊ तिच्याजवळ राहिला, मी गाव सोडून आलो. तिनं एकदा तरी माझ्या घराला घर म्हणावं, एवढीच माझी मागणी होती. मी तिला सगळं दाखवलं. नळ दाखवला. तिनं फिरवून पाहिला, बंद केला आणि म्हणाली, "विहिरीवर चार बाया भेटे. इथं कोण भेटते?" विजेचा दिवा दाखवला, तर म्हणे, "याच्यानं संध्याकाळ झाली असं वाटतच नाई." सकाळचा भोंगा झाला तेव्हा ती अंगणात उभी होती. "गावाले गाय हंबरे," ती म्हणाली. "इथं हे हंबरते. याले चारा कोण टाकते गा?"

मग मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून भट्टी दाखवायला नेलं. अर्ध्या वाटेत ती उतरली. "तू ये मांगून," म्हणाली, आणि माझ्यापुढे चालत निघाली. मी सायकल हातात धरून तिच्या मागे. भट्टीपाशी पोचल्यावर मी म्हणालो, "माय, याच्या आतल्या विटा मी तपासल्या." तिनं वर बघितलं. "त्या दिसत तं नाई," ती म्हणाली.

आणि गाडीच्या दिवशी काय झालं? आई बाहेर आली, पदर सावरून लांबूनच बघत उभी राहिली. रायपूरवाल्यांनी पुढचं दार उघडलं. "मावशी, बसा ना. बसून तर बघा."

माझ्या वेताच्या खुर्चीत न बसणारी माझी आई, तिथे जाऊन बसली. आधी पाय खाली सोडून. मग हळूच एक पाय वर घेतला, मग दुसरा. पुढच्या बाकावर मांडी घालून बसली.

"मांडी मावते व!" तिनं माझ्या बायकोला हाक मारून सांगितलं, आणि हसली. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. हसायचं होतं तर माझ्या नळापाशी हसायचं.

पुढच्या रविवारी ते सगळे उतईच्या बाजाराला गेले. रायपूरवाले चालवायला, शेजारी माझी आई मांडी घालून, मागे त्यांची बायको, माझी बायको आणि दोन्ही घरची मुलं. मलाही बोलावलं होतं. मी म्हणालो, काम आहे. काम काही नव्हतं. ते गेल्यावर मी त्यांच्या अंगणात गाडी उभी राहते ती जागा बघायला गेलो. खाली तेलाचा डाग होता. "गळते," मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं तरी बरं वाटलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर एक छोटी पुलिया होती. ड्यूटी सुटल्यावर आम्ही पुरुष तिच्या कठड्यावर बसत असू. तिथून रायपूरवाल्यांचं अंगण सरळ दिसायचं. हे त्या पुलियाचं दुर्दैव. आधी आम्ही तिथे बढतीबद्दल बोलायचो, कोणत्या सेक्टरला पाणी कमी येतं यावर बोलायचो. आता फक्त गाडी. म्हणजे मी बोलायचो.

मी म्हणालो, चाक जड आहे, वळवताना रायपूरवाल्यांचा खांदा उतरतो, बघा. मी म्हणालो, सकाळी थंडीत हँडल मारल्याशिवाय सुरू होत नाही, नकाशे काढणाऱ्या माणसाचे हात त्यात जातील. मी म्हणालो, सीटवर रेक्झिन आहे, वैशाखात त्यावर पोळी भाजता येईल. दारं लावताना दोनदा आपटावी लागतात. मागची काच इतकी लहान की मागून कोण येतं ते ज्योतिषाला विचारावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती तापणार. एवढं जाड धूड, एवढी माणसं, त्यात आपला मुरमाचा रस्ता. उन्हाळा लागू द्या, तापते की नाही बघा.

"पण जागा तं आहे ना," गोंदियावाले म्हणत.

"जागा काय, धर्मशाळेतही असते."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं. घरी आल्यावर बायकोलाही ऐकवलं. ती भाकरी थापत होती.

"अवो," ती म्हणाली, "तुमाले त्या गाडीत बसाचं आहे तं बसून घ्या ना एकदा. भाऊजी नाई म्हणतीन का?"

"मला बसायचं नाही. मी दोष सांगून राहिलो."

"मंग मले कावून सांगून राहिले? मी का इंजिन आहे?"

इकडे आईचं काहीतरी बदलत होतं. ती सकाळी उठून रायपूरवाल्यांच्या अंगणात जायची आणि ओल्या फडक्यानं गाडी पुसायची. कारखान्याची लाल धूळ रोज बसायची, ही रोज पुसायची. कोणी सांगितलं नव्हतं. गावी ती गोठा झाडायची तशी. पुसता पुसता रायपूरवाल्यांच्या बायकोशी गोष्टी. मग गोंदियावालीण येऊन उभी राहायची. मग कोणी तिसरी. विहीर नव्हती, ती त्यांनी गाडीपाशी खणली. एका संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "धाकट्याले पत्र टाक. यंदा शिमग्याले नाई आला तरी चालते. मी राहीन मृगापावतर."

ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं मागे लागलो होतो ती झाली होती, आणि ती माझ्या नळानं, दिव्यानं, भट्टीनं झाली नव्हती. शेजाऱ्याच्या गाडीनं झाली होती. दुसऱ्या माणसानं यावर हात जोडले असते. मी पत्र टाकायचं उद्यावर ढकललं, आणि ड्यूटी सुटल्यावर पुलियावर जाऊन सांगितलं की गाडीचे ब्रेक मला बरोबर वाटत नाहीत.

हे सगळं रायपूरवाल्यांच्या कानावर जात असणार असं मला कधी वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, आणि आवडलं असेल. ते मात्र गंभीर माणूस होते. नकाशात एक रेघ चुकली तर सगळा कागद नव्यानं काढणारे. एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. आई आत तांदूळ निवडत होती.

"भंडारावाले," ते खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "मी विचार केला. तुम्ही म्हणता ते खरं दिसतंय. सेक्टरभर लोक मला विचारतात, तपासणीवाल्यांनी तुमची गाडी नापास केली म्हणे? राजनांदगावचा एक ठेकेदार घ्यायला तयार आहे. येत्या आठवड्यात देऊन टाकतो. घरात मुलं आहेत, उगाच जोखीम कशाला?"

आत तांदळाचा आवाज थांबला. मग आईचा आवाज आला, अगदी शांत.

"बाबू, ते पत्र टाकलं का तू?"

"नाही माय. राहिलं."

"बरं झालं. आता नोको टाकू. धाकटा येते तं येऊ दे शिमग्याले."

मी रायपूरवाल्यांकडे पाहिलं. ते निघायला उठले होते. मी त्यांना हाताला धरून पुन्हा बसवलं.

"अहो, कोण म्हणतं गाडी वाईट आहे?"

"तुम्ही."

"मी म्हणालो पत्रा जाड आहे. जाड पत्रा चांगला असतो! पातळ पत्र्याच्या गाड्या काय कामाच्या?"

"तुम्ही म्हणालात इंजिनाला त्रास."

"त्रास तर सगळ्यांनाच असतो. मला नाही का? आणि जागा बघा ना किती आहे!"

"धर्मशाळेसारखी," रायपूरवाले म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना ते खरंच लागलं होतं.

मी एकेक दोष परत घेऊ लागलो. हँडल मारण्यानं व्यायाम होतो. मागची काच लहान म्हणजे ऊन कमी. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिचा पदर तोंडावर होता. रायपूरवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"ते ठीक आहे. पण तुमच्याच खात्याचा कायदा आहे ना? फुली मारली त्यानं पुसायची नाही. तुम्ही मारलीत. आता तुम्ही पुसलीत तर मी काय समजायचं?"

तो कायदा मीच त्यांना समजावून सांगितला होता, त्यांच्याच अंगणात, जरा ऐटीत.

मी धावत समोर गेलो आणि गोंदियावाल्यांना ओढून आणलं. म्हटलं, तुम्ही फेरतपासणी करा. ते दोन्ही हात वर करून मागे सरकले. "ना बाप्पा! उद्या गाडी कुठी थांबली तं तुमी जन्मभर मले सांगान."

तेव्हा आई बाहेर आली. पदराला हात पुसत ती गाडीपाशी गेली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. "मी पाहतो," ती म्हणाली.

आमच्याकडच्या बाया कधीकधी बोलताना "मी पाहतो" असंच म्हणतात. आणि तेव्हा ऐकणाऱ्याला गप्प बसावं लागतं.

"मावशी, तुम्ही कशी तपासणार?" रायपूरवाल्यांनी विचारलं.

"बैल घेताना काय करते? नुसता दात पाहून कोणी घेते का? भरल्या बंडीले जुंपून दाखव म्हणते. चला, भरा."

आणि बैलगाडी भरावी तशी आम्ही गाडी भरली. पुढे रायपूरवाले, आई, त्यांची बायको आणि मांडीवर त्यांची लहान मुलगी. मागे गोंदियावाले, गोंदियावालीण, माझी बायको, मुलं एकमेकांवर, आणि दाराला चिकटून मी. डिकीत आईनं माझ्या घरचं तांदळाचं पोतं टाकायला लावलं. भरल्या बंडीत वजन पाहिजे, म्हणे.

मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होतो. मला वाटलं, निदान आता तरी गुडघे टेकतील, डोकं छताला लागेल, श्वास कोंडेल. काही झालं नाही. एवढी माणसं असूनही पाय सरळ होत होते. बाक मऊ होता. मुरमाच्या रस्त्यावर ती डुलत चालली, बोटीसारखी, आणि मला पेंग यायला लागली. मी डोळे ताणून जागा राहिलो. अशा वेळी झोप येणं म्हणजे हार पत्करणं.

कुरुद गावाच्या अलीकडे शेतं लागली आणि गाडीच्या तोंडातून वाफ निघाली. मग फुस्स असा आवाज झाला आणि ती थांबली.

मी सांगितलं होतं तसंच झालं. एक क्षणभर मला जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही. बायकोनं कोपर मारलं. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. गाडी गेली तर आई जाणार. मी मनात त्या धुडाला हात जोडले. चाल बाई, म्हटलं, तुला मी काहीही म्हणालो असेन.

रायपूरवाले उतरले, झाकण उघडलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "बघा. भंडारावाले बरोबर होते."

"कावून थांबली?" आईनं विचारलं.

"तापली, मावशी."

"मंग पाणी पाज ना गा. बैल तापला तं कोणी त्याले विकते? तुह्या सासरा तापत नाई का कधी?"

रायपूरवाल्यांची बायको एवढी हसली की मांडीवरची मुलगी रडायला लागली. आई उतरून बांधावरून शेतात गेली. तिथे दोन-तीन बाया वाकून काहीतरी खुडत होत्या. त्या छत्तीसगढी बोलत होत्या, ही आपली मराठी, पण बराच वेळ बोलणं चाललं. मग एकीनं मडकं भरून पाणी आणलं. आई मागून आली, तिच्या ओच्यात हिरव्या शेंगा.

"बाबू, लाखोरी!" ती लांबूनच ओरडली. "इथं बी धान काढल्यावर लाखोरी टाकते! आपल्यासारखीच! तू मले सांगितलं नाई!"

धानामागून घेतात ती लाखेची डाळ इथेही होते, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी भिलाईत होतो, पण यार्ड आणि पुलिया सोडून फार कुठे गेलो नव्हतो. मी विटा ऐकत होतो.

थोडं थंड होऊ दिलं, पाणी घातलं, रायपूरवाल्यांनी हँडल मारलं, गाडी सुरू झाली. आम्ही शेंगा सोलत परत आलो. अंगणात उतरल्यावर आईनं झाकणावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "पास आहे. त्या ठेकेदाराले नाई म्हणून सांग. अन् भरून नेशीन तेव्हा पाणी संगं ठेवत जा लेका."

लेका. मला तिनं एवढ्या दिवसांत फक्त बाबू म्हटलं होतं. बाबू तर ती पोस्टमनलाही म्हणायची.

ठेकेदाराला नकार कळवला गेला. धाकट्याला लिहायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं, त्यामुळे तो शिमग्याला आला. आईला न्यायला म्हणून आला होता. आईनं त्याला जेवू घातलं, पुरणपोळी वाढली, मुलांच्या तब्येती विचारल्या आणि मग सांगितलं की ती मृगापर्यंत इथेच राहणार. तो हात धुऊन रायपूरवाल्यांच्या अंगणात गेला आणि गाडीसमोर उभा राहिला. मीही मागोमाग गेलो.

"याच्यात कडबा तं मावत नाई," तो म्हणाला.

"कडब्यासाठी आहे का ती?"

"अन् चिखलात फसली तं? आपल्या बांधावर तं हे येऊच शकत नाई." त्यानं चाकाला पायानं हलकंच ढकललं. "लोखंड लई आहे. दिसाले मोठी. कामाची नाई."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "तुला काय कळतं गाडीतलं? बसून पाहिलंस का कधी?"

भिंतीपलीकडे बायको खाकरली. मी तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रायपूरवाल्यांनी त्याला दुर्गच्या स्टेशनावर सोडायची तयारी दाखवली. आई यायला निघाली होती, पण ऐन वेळी गोंदियावालीण पापड लाटायला बोलवायला आली आणि ती तिकडे गेली. धाकट्याला ते लागलं. वाटेत तो खिडकीबाहेर बघत राहिला. रायपूरवाले बाहेर गाडीपाशी थांबले, आणि आम्ही दोघं भाऊ फलाटावर पॅसेंजरची वाट बघत उभे राहिलो.

"दादा," तो रुळांकडे बघत म्हणाला, "तुह्याकडं नळ आहे. लाईट आहे. बसाले शेजाऱ्याची मोटार आहे. आता मायबी तुह्याकडंच. माह्याकडं काय राहिलं गा?"

थोरल्या भावानं अशा वेळी काहीतरी बोलावं. खांद्यावर हात ठेवावा. मी हात ठेवलाही. पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं. तो आवाज मला पुरता ओळखीचा होता; इतके दिवस तो माझाच होता. आजवर कोणी माझा हेवा केला नव्हता. माझ्याजवळ हेवा करण्यासारखं काही आहे, हे मला दुर्गच्या फलाटावर, धाकट्या भावाकडून कळलं. आणि मी काय करावं? मला ते गोड लागलं.

पॅसेंजर आली. मी त्याला आत जागा करून दिली, आईनं त्याच्या मुलांसाठी दिलेल्या शेंगांची पिशवी खिडकीतून आत सरकवली.

"तिले सांभाळ," तो म्हणाला. "मृगाले मी येतो. तेव्हा नेईन."

"हो, हो," मी म्हणालो. "ये ना. ने."

आणि मनात म्हणालो, मृगाला बघू.